अडतीस गुणांच्या ठिणग्या

माझ्या ठिणग्यांना चौऱ्याण्णव गुण मिळाले त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनी त्याच ठिणग्यांनी माझ्या सख्ख्या आत्तीला परीक्षेत शून्य गुण दिले. पेढे मीही खाल्ले होते, दोन खाल्ले होते, म्हणून ही गोष्ट मलाच सांगितली पाहिजे.

मी ईश्वरी मगदूम, राहणार कोल्हापूर. धूळ, धूर, ठिणग्या, फवारे आणि पाचोळा तयार करणं हा माझा धंदा. अर्थात संगणकात. खेळात तलवारीवर तलवार आपटली की जे उडतं ते माझं, आणि राक्षस मेल्यावर त्याची जी राख होते तीही माझीच. आमच्यात या सगळ्याला ‘कण’ म्हणतात. ‘पोरगी काय करते?’ असं पाहुण्यांनी विचारलं की आई ‘कॉम्प्युटर’ एवढंच सांगून चहा टाकायला उठते.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सुगंधा. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या आणि क्रेन यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ग्राइंडरवर. लोखंडाचा माल गाडीतून उतरला की प्रत्येक गठ्ठ्यातली एक सळी ती ग्राइंडरच्या दगडावर टेकवायची, उडालेल्या ठिणग्या बघायची आणि सांगायची, हे साधं लोखंड, हे बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद. कारखान्यात तपासणीची यंत्रं नव्हती असं नाही. पण हातात धरायची जी बंदूक होती ती क्रोम-निकेल सांगायची, कार्बनबद्दल मिठाची गुळणी. प्रयोगशाळेचा निकाल यायला दोन दिवस लागत. आत्तीला दोन सेकंद लागत.

ठिणग्या करायला मी तिच्याकडेच शिकले, आणि मला तिच्याकडे पाठवलं हेरवाडे सरांनी. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर सरांचा क्लास होता. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “प्रत्येक कणाची कुंडली असते. जन्म कुठं, वेग किती, आयुष्य केवढं, म्हातारपणी रंग कोणता आणि मरण कसं. संगणक एका क्षणात दहा हजार कुंडल्या मांडतो. त्या सगळ्या सारख्या निघू न देणं, एवढंच आपलं काम.”

मला ते सोपं वाटलं. आठवडाभर खपून मी ठिणग्यांचा झोत केला. सगळ्या एकाच वेळी जन्मल्या, एकाच कमानीतून गेल्या आणि शिस्तीत विझल्या. सरांनी पाहिलं आणि विचारलं, “मगदूम, या ठिणग्या आहेत की अक्षता? आधी खऱ्या बघून ये.”

आत्तीनं मला तिच्या बाजूला उभं केलं, डोळ्यांवर जाड काचेचा गॉगल चढवला आणि एक सळी दगडावर धरली. मी वहीत लिहू लागले, पिवळा, मग केशरी, मग तांबडा. तिनं वहीच बंद केली.

“रंगावर जाऊ नगंस. रंग काय, उन्हात येगळा, सावलीत येगळा. फुटतंय कुठं ते बघ. दगडाजवळ फुटतंय का लांब जाऊन? किती फाटं निघत्यात? का न फुटताच मरतंय?”

यामागचं विज्ञान मला नंतर पुस्तकात सापडलं. फिरता दगड सळीचे बारीक तुकडे ओरबाडून काढतो. ते तापलेले तुकडे हवेत पेटतात. पोलादातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी मिळून वायू होतो, त्या वायूला बाहेर पडायला जागा हवी असते, म्हणून तो तुकडा आतून फोडतो. कार्बन कमी असेल तर ठिणगी लांब, सरळ जाते आणि मुकाट विझते. पाट्याच्या पोलादात कार्बन बराच, म्हणून ती जवळच फुटते आणि फाट्याला फाटे फुटतात. बिडाची ठिणगी तर आखूड, मळकट, लाजल्यासारखी. म्हणजे ठिणगी ही धातूनं दिलेली जबानी असते. आत्तीला ती वाचता येत होती, आणि तिचं शिक्षण सातवी.

दोन वर्षं मी तिच्याकडे जात राहिले. फुटण्याआधी ठिणगी किंचित अडखळते, काही ठिणग्या जमिनीवर आपटून दोनदा उड्या मारतात, आणि शंभरात एक मूर्ख ठिणगी भलतीकडेच जाते, हे सगळं मी माझ्या कणांत उतरवलं. त्या मूर्ख ठिणगीमुळे झोत खरा वाटतो. सर माझ्या ठिणग्या नव्या मुलांना दाखवायचे. पुढे त्यांनी स्टुडिओ काढला आणि मला पहिली नोकरी दिली.

मग रुची आली.

तोवर सगळ्यांच्या नाकावर चष्मे आले होते. रस्ता दाखवणारे, भाव सांगणारे, समोरच्याचं नाव आठवून देणारे. चष्मा जग दाखवतो, तसा तो आपला डोळाही बघत असतो. कशावर बाहुली मोठी झाली, कुठं नजर रेंगाळली, कुठून सटकली. कोट्यवधी डोळ्यांची ही माहिती एका यंत्रणेला पाजली, तिचं नाव रुची. तिला कुठलाही धूर, धूळ, ज्वाळा दाखवा, ती शंभरपैकी गुण देते आणि गुण कसे वाढतील तेही स्वतःच दुरुस्त करून देते. पंच्याऐंशीच्या खालचं काही चष्म्यांवर चढतच नाही; स्टुडिओतले चाचणीचे चष्मे तेवढे अपवाद.

रुची मूर्ख नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. डोळ्याला काय गोड लागतं ते तिला बरोब्बर कळायचं. सारख्या अंतरावरचे तीन फाटे, हळू पडणं, शेवटी सोनेरी चुरा. मूर्ख ठिणगी तिनं पहिल्याच दिवशी काढून टाकली. वर्षभरात सगळ्या खेळांतली आग एकसारखी दिसू लागली. पुढे पुढे बातम्यांतली आगसुद्धा रुचीतून गाळून यायला लागली, कारण साधी आग लोक बघेनात. दिवाळीला आमच्या गल्लीत खरा भुईनळा लावला, तर चष्मेवाली पोरं म्हणाली, “हे काय, फिकं आहे.”

मी नाक मुरडलं, पण पगार घेत राहिले. खेळातला राक्षस कुठल्या रंगात जळतो यानं कुणाचं काय बिघडतं?

मग स्टुडिओकडे काम आलं ते आत्तीच्या कारखान्याचं. ठिणगीवरून लोखंड ओळखायचं शिक्षण चष्म्यातून द्यायचं, म्हणजे नवी माणसं महिन्यात तयार होतील. मी आनंदानं उडालेच. जीव ओतून सात धातूंच्या ठिणग्या केल्या. रुचीनं त्यांना गुण दिले एक्केचाळीस.

सर म्हणाले, “शिकणाऱ्याचं लक्षच राहिलं नाही तर तो शिकणार काय? रुचीची दुरुस्ती घे.”

रुचीनं सगळ्याच धातूंना तीन-तीन सुंदर फाटे दिले. बिडालासुद्धा. फरक उरला तो रंगाचा. साधं लोखंड पिवळं, पाटा पांढरा, बीड तांबडं. गुण चौऱ्याण्णव. हे खोटं आहे, हे मला त्याच क्षणी दिसलं. दिसलं आणि मी ‘मान्य’ दाबलं. त्यानंतर पेढे आले.

आत्तीनं कारखाना डोक्यावर घेतला होता. “माझ्या भाचीनं केलंय!” भेटेल त्याला सांगत सुटली होती. तेवढ्यात कारखान्यानं फर्मान काढलं, जुन्या-नव्या सगळ्यांनी चष्म्यावरची परीक्षा द्यायची आणि जो पास होईल तोच दगडावर उभा राहील. परीक्षेचा दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, एकही यंत्र चालत नाही, माणसं रिकामी असतात, असा कारखान्याच्या साहेबांचा हिशोब.

वीस प्रश्न होते. प्रत्येकाला चार पर्याय, त्यांतला शेवटचा ‘यांपैकी नाही’. आत्तीनं विसाच्या वीस वेळा ‘यांपैकी नाही’ दाबलं. दसरा झाल्यावर तिला पॅकिंगला पाठवलं, आणि तिच्या दगडावर आली अठ्ठ्याण्णव गुण मिळवलेली प्रज्ञा कांबळे.

मी आत्तीच्या घरी गेले तेव्हा ती पोकळ्याची भाजी निवडत बसली होती. मी चिडलेलीच होते, अर्थात स्वतःवर, पण ओरडले तिच्यावर.

“आत्ती, रंगांचं तुला कुणी सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं की प्रज्ञानं. पिवळं म्हंजे साधं, पांढरं म्हंजे पाटा. गुणाची पोरगी हाय.”

“मग तेच दाबायचं ना! नोकरीचा प्रश्न होता!”

आत्तीनं एक किडकं पान बाजूला टाकलं. “खंडेनवमी होती गं. म्होरं माझा दगड. सकाळीच त्याला हळदीकुक्कू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. आनि त्याच्यासमोर हुबं ऱ्हाऊन मी, न्हाई त्या लोखंडाला हाय म्हनू? एकतीस वर्सांत एकदाबी म्हनली न्हाई.”

मग तिनं मान वर न करताच विचारलं, “त्या ठिनग्या तूच केल्यास न्हवं?”

“हो.”

“तुला दिसत न्हवतं व्हय?”

“दिसत होतं.”

ती पुन्हा पानं निवडू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले तेव्हा तिनं निवडलेली निम्मी भाजी पिशवीत घालून माझ्या हातात दिली, आणि ती पिशवी घेऊन मी रस्त्यात उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले, साहेबांचे पाय धरायचे या इराद्यानं. पण फाटकातून आत शिरताना जे दिसलं त्यानं साहेब राहिले बाजूला. प्रज्ञा कांबळे हातात सळी घेऊन इकडे-तिकडे बघत पॅकिंगच्या शेडमागे चालली होती. मी मागोमाग गेले. तिथं जुना, गंजका, हातानं फिरवायचा एक दगड होता. आत्ती तो गरागरा फिरवत होती आणि प्रज्ञा सळी टेकवत होती.

“साधं,” आत्ती म्हणाली. “पळ, साहेब यायच्या आत.”

अठ्ठ्याण्णववाली शून्यवालीला विचारून काम करत होती! मला बघून प्रज्ञाचा चेहरा पडला.

“ताई, तुम्हाला खरं सांगते. चष्म्यात मला सगळं कळायचं. पण दगडावर मला सगळं सारखंच दिसतं. गेल्या आठवड्यात मी साधं लोखंड पाटा म्हणून पास केलं. त्याच्या क्रेनच्या पिना झाल्या, चाळीस. आत्तीबाई पॅकिंग करताना एका पिनेची कोर घासायला गेल्या, तेव्हा ठिणगी बघून त्यांनी ओळखलं. नाहीतर त्या पिना आज कुणाच्या तरी डोक्यावर लटकत असत्या.” तिचे डोळे भरून आले. “मी अभ्यास केला होता हो. खूप केला होता.”

अभ्यास तिनं केलाच होता. तिला खोटं शिकवलं होतं मी.

तिथून मी सरळ हेरवाडे सरांसमोर जाऊन उभी राहिले. पिनांचं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

“पंच्याऐंशीच्या खालचं चढत नाही, मगदूम. मी तरी काय करू?”

“तुम्हीच मला विचारलं होतं, ठिणग्या आहेत की अक्षता.”

“तेव्हा मी एकटा होतो. आता माझ्यामागं बारा घरं आहेत.” मग हलकेच म्हणाले, “पुढच्या महिन्यात नऊ कारखान्यांचे मालक बघायला येणार आहेत. तोवर गप्प राहा. पुढं बघू.”

“पुढं बघू” म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. मीही सहा महिने तेच करत होते.

मी आत्तीकडे गेले. म्हटलं, “मला पुन्हा शिकव. या वेळी वही आणत नाही, कॅमेरा आणते.”

“त्यो चष्मा मी परत घालायची न्हाई.”

“नको घालूस.”

आठ दिवस आम्ही जेवणाच्या सुट्टीत प्रज्ञाच्या, म्हणजे आत्तीच्याच, दगडावर काम केलं. आत्ती सळी धरायची, मी सेकंदाला दहा हजार चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपायची, प्रज्ञा दारात लक्ष ठेवायची. ठिणगी कुठं अडखळते, फाटा कुठल्या कोनात निघतो, विझल्यावर राखेचा कण कसा गिरकी घेतो, सगळं मोजून कुंडलीत भरलं. मूर्ख ठिणगी पुन्हा घरी आली. बिडाला त्याची मळकट, आखूड, लाजरी ठिणगी परत मिळाली. रुचीनं गुण दिले अडतीस. आधीच्या खऱ्यांपेक्षाही तीन कमी. मी प्रज्ञाला म्हटलं, “वाट बरोबर आहे.” रोज संध्याकाळी ती माझा चाचणीचा चष्मा लावून त्या अडतीसगुणी ठिणग्यांवर सराव करायची आणि आत्तीच्या शिव्या खायची.

मालक आले. शेडमध्ये खुर्च्या, शाली, नारळ, सगळं साग्रसंगीत. शोभेला म्हणून चौऱ्याण्णववाल्या अभ्यासक्रमातले तिघे उभे केले होते, सगळे नव्वदीच्या पुढचे. सर बोलायला उठले, मालकांनी आम्ही आणलेले चाचणीचे चष्मे चढवले. यंत्र चालवायचं काम माझं होतं. मी माझ्या ठिणग्या सोडल्या. सगळ्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात रुचीचा लाल आकडा उमटला, अडतीस.

एक मालक म्हणाले, “ओ सर, बिघडलं काय हे? फिकं दिसतंय.”

“मगदूम, बंद कर,” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“नाही करणार,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “हे फिकं नाही, खरं आहे. चौऱ्याण्णववाल्या मीच केल्या होत्या. त्या देखण्या आहेत आणि खोट्या आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. दगड तिथं आहे, सळ्या इथं आहेत. तुमच्यापैकी कुणीही पाच निवडा आणि या पोरांना ओळखू द्या.”

मालक मंडळींना असली गंमत हवीच असते. एकानं प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या बघून पाच सळ्या निवडल्या, चिठ्ठ्या काढून मागच्या टोकांना खडूनं खुणा केल्या. नव्वदीवाल्या तिघांनी मिळून पंधरा उत्तरं दिली, त्यांतली चार बरोबर आली. त्यांचे चेहरे बघवेनात. ती लाज त्यांची नव्हती, माझी होती, आणि तसं मी तिथंच मोठ्यानं सांगितलं. मग प्रज्ञा आली. पाचांतल्या चार बरोबर ओळखल्या.

“आणि शिकवलं कुणी?” खडूवाल्या मालकांनी विचारलं.

“परीक्षेत शून्य पडलेल्या बाईंनी,” प्रज्ञा म्हणाली. “पॅकिंगला आहेत.”

आत्तीला बोलावलं. ती हाताला चिकटलेली पॅकिंगची टेप सोलत आली. पाचही सळ्या ओळखल्या. पाचवीच्या वेळी तर ती साहेबांना “शेडचा पत्रा गळतोय तेवढा बघा” असं सांगत होती.

साहेबांनी घसा खाकरला. “सुगंधाबाई, तुम्ही आता इथंच थांबा. दगडावर.”

खडूवाले मालक म्हणाले की शिकवायचं तर याच ठिणग्यांवर. दोघे-तिघे नारळ घेऊन न बोलता गेले. सर माझ्याजवळ आले. चेहरा दमलेला होता.

“हे स्टुडिओच्या नावावर जाणार नाही. रुची आम्हाला काळ्या यादीत टाकेल.”

“माझ्या नावावर जाऊ द्या.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” मी म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मान खाली गेली नाही. जाता जाता सर थबकले आणि मागे न बघता म्हणाले, “ती भलतीकडं जाणारी ठिणगी चांगली ठेवलीस.”

शेड रिकामी झाली. आत्ती तिच्या दगडाजवळ उभी होती. वाळलेल्या झेंडूची एक पाकळी अजून दांड्याला चिकटलेली होती. ती म्हणाली, “आन बघू त्यो चष्मा.”

“तू तर घालणार नव्हतीस.”

“आन म्हनलं न्हवं?”

मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पहिली हाताला लागली ती ठिणगी सोडली. आत्तीनं झटक्यात पदर आवरून कमरेला खोचला, तोंड फिरवलं आणि अर्धं पाऊल मागे सरकली. चौऱ्याण्णव गुणांच्या ठिणग्या सगळ्या कारखान्यानं बघितल्या होत्या, पण मागे कुणीच सरकलं नव्हतं.

“पाटा हाय,” ती म्हणाली. मग डोळे बारीक करून जरा वेळ बघत राहिली. “आनि दगड बदल गं बाई. गुळगुळीत झालाय. ठिनगी आखूड पडाय लागलीया.”

मी कॅमेऱ्याची नोंद काढून पाहिली. ते चित्रण आठव्या दिवसाचं होतं. दगडाच्या वहीत लिहिलं होतं, नवव्या दिवशी प्रज्ञानं दगड झिजला म्हणून बदलला होता. हे मी कुंडलीत कुठंही लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. ठिणग्यांनी तिला सांगितलं.